बुक्कीच्या यंत्राची घंटा

ती केस आठवली की या वयातही माझा हात आपोआप मिशीकडे जातो. बायको म्हणते, पुरे झाली फुशारकी. पण मिरवण्याजोगं नोकरीत मी फार थोडं केलं, आणि हे त्यातलं आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि मी तिथे फौजदार होतो. जत्रेत बाहेरगावच्या एका खेळवाल्याने बुक्कीचं यंत्र आणलं होतं. लोखंडी खांब, त्याला चामड्याची गादी, वर घड्याळासारखी तबकडी. गादीवर बुक्की मारली की काटा चढायचा आणि टोकाला गेला तर घंटा वाजायची. भलेभले हात चोळत परत जात. चिंचणीच्या एका तरुण खलाशाने मात्र ती घंटा वाजवली आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. वाढवणचा एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, या पोराला मुलगी द्यायला बरेच दिवस टाळाटाळ करत होता. त्याने तिथल्या तिथे होकार दिला.

त्याच संध्याकाळी तंबूमागे तलासरीकडचा एक गवताचा व्यापारी बेशुद्ध सापडला. जबडा मोडला होता. खबर खेळवाल्यानेच आणली. व्यापाऱ्याने दुपारी खलाशाची टर उडवली होती, त्या रागात पोराने त्याला बुक्की घातली, असा जबाब त्याने दिला. पोराला ठाण्यावर आणलं. मी विचारायचा अवकाश, तो म्हणाला, "मीच मारली, साहेब."

वरिष्ठ खूश झाले. मी नव्हतो. जबडा मोडणारी मूठ सुजते, निदान सोलवटते. या पोराचे हात धड होते.

त्यात त्याची आई मासळीची टोपली घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसली. ती कुणालाही अहो-जाहो करत नसे. "अरे फौजदार, माझा पोऱ्या मार खाऊन घरी येनारा हाय, मारून येनारा नाय. तुला मानसं वळखता येत नाय का?"

हवालदार तिच्यावर धावून गेला. मी त्याला आवरलं. बाई बोलत होती ते मला पटत होतं.

या पोराच्या बुक्कीत खरंच एवढं बळ आहे का ते बघायला मी यंत्र जप्त करून बैलगाडीतून ठाण्यावर आणवलं. आमचा हवालदार जुना पैलवान. त्याने अंगातलं सगळं बळ लावून बुक्की हाणली, पण घंटा वाजेना. बिचारा लालबुंद झाला. मला शंका आली. इस्त्रीच्या गणवेशात गुडघे टेकून मी खांबाचं बूड तपासलं, तर कापडाखाली पायाने दाबायची एक कळ होती. घंटा खेळवाल्याचा पाय वाजवत होता. गर्दी खेचायला अधूनमधून कुणाला तरी जिंकवायचं, एवढाच त्याचा धंदा.

पोराला कोठडीतून बाहेर काढलं. "मार." काटा अर्ध्यावर थांबला. मग मी कळ दाबली आणि हवालदाराने नुसतं बोट टेकवलं. घंटा खणखणली. सगळं ठाणं हसलं. पोरगा हसला नाही, चकितही झाला नाही. त्याने मान खाली घातली, आणि तिथेच मी त्याला पकडलं.

सगळ्यांना बाहेर काढून त्याला चहा दिला. "तुला हे आधीच माहीत होतं. कुठे कळलं?"

तो मग रडायलाच लागला. तंबूमागे लघवीला गेला असताना त्याने दोघांचं भांडण ऐकलं होतं. 'तुझा पाय मी बघितला, आता सगळ्या जत्रेला सांगतो,' असं व्यापारी म्हणाला, आणि खेळवाल्याने त्याच्या तोंडावर लोखंडी दांडा घातला.

"मग बोलला का नाहीस?"

"मी नाय म्हनलो असतो तर कोनी मारलं नि भांडन कशावरून झालं ते पन सांगावं लागलं असतं, साहेब. घंटा खोटी ठरल्यावर तांडेल पोर देनार का?"

"अरे गाढवा, लग्न काय तुरुंगात लावणार होतास?"

"तांडेल कोठडीशी येऊन बोलला, सुटून ये, आमी थांबतो. मर्दासाठी थांबतो."

मला त्याचा संतापही आला आणि दयाही आली. खेळवाल्याला त्याच दुपारी उचललं. दांडा त्याच्या पथारीखाली मिळाला, पंचनामा झाला. व्यापारी शुद्धीवर आल्यावर त्यानेही मानेने खूण करून तेच सांगितलं.

पोराला सोडण्याआधी मी तांडेलाला बोलावलं आणि सगळी हकिकत पोरालाच सांगायला लावली.  तांडेल यंत्राकडे बघत राहिला.

"बुक्की घेऊन मी दर्यात काय करू रे?" तो शेवटी म्हणाला. "माझ्या व्हडीवर खरं बोलनारा पायजे. आज बोललास. चल घरी, तुझी आय बाहेर बसलीय."

माणूस गुन्हा लपवतो, हे पोलिसाला पहिल्या दिवशी शिकवतात. लाज तो त्याहून खोल लपवतो, हे मला त्या पोराने शिकवलं. पुढे समोरचा कबुली देऊ लागला की हा काय झाकतोय, हे मी आधी बघायचो. कबुली घेणारे अधिकारी पुष्कळ झाले. दिलेली कबुली मागे घ्यायला लावून मी एका आईचा मुलगा तिच्याबरोबर घरी पाठवला, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो.