गुंजेचा सातवा दाणा

हे कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण आमच्या घरच्यांनी ते माझ्या माहेरापर्यंत पोचवलंय, तेव्हा खरं काय झालं ते निदान माझ्या तोंडून ऐका. हसायचं तर शेवटी हसा. मधे हसू नका, कारण मधे मी मरणार होते.

मी कामरगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. एकोणीस वर्षं झाली. त्यात एक धडा आहे, पेशी प्रथिनं कशा बनवतात त्याचा. दरवर्षी त्या धड्याला अर्धा वर्ग पेंगतो. या वर्षी म्हटलं, बघू कोण पेंगतं ते.

माझं माहेर मेडशीचं. रविवारी तिकडे गेले होते, तर धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या काटेरी कुंपणात गुंजेचा वेल वाळून शेंगा उकलल्या होत्या. मोजून सात दाणे काढले आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरले. गुंज पाहिलीय ना तुम्ही? लालभडक दाणा आणि टोकाला काळा ठिपका, बुबुळासारखा. तळहातावर घेऊन फार वेळ बघू नये. आपण बघतोय की आपल्याला कोणी बघतंय, हे कळेनासं होतं.

मंगळवारी वर्गात बाटली टेबलावर ठेवली आणि सांगायला लागले. पेशीच्या मधोमध एक वही असते. तिच्यातली हवी तेवढी ओळ उतरवून बाहेर येते. बाहेर रायबोसोम बसलेले असतात, ते ती ओळ वाचतात आणि एकेक मणी ओवावा तसं प्रथिन ओवतात. पुढे त्याला घडी घालायची, कुठे साखर चिकटवायची, कुठे टोक कापायचं, मग ते कामाला जातं. हे तुमच्या अंगात आत्ता, मी बोलतेय तेव्हाही चाललंय. आणि या दाण्यातलं विष पेशीत शिरतं ते फक्त एक काम करतं. रायबोसोमचा एक इवलासा तुकडा खुडतं. तेवढ्याने तो कायमचा गप्प होतो. मग दुसरा, मग तिसरा. विषाचा एक कण हजारोंना गप्प करतो.

कोणी पेंगत नव्हतं. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, त्या मान्साले कयते का, का आपल्या आतमंदी सारं बंद पडलं म्हून?"

मी मुद्दाम जरा थांबले. म्हटलं, "नाही. दाणा चावून खाल्ला तरी कित्येक तास, कधी दिवस-दीड दिवस त्याला काहीच कळत नाही. आधी बनवून ठेवलेल्या प्रथिनांवर शरीर चालत राहतं. तो जेवतो, बोलतो, हसतो. आपण आतून बंद पडलोय हे त्याला सांगणारं कोणी नसतं."

वर्गात एवढी शांतता मी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. कोणीतरी उठून खिडकी लावली. मी मात्र खूश होऊन बाटली पर्समध्ये टाकली.

दुपारी घरी जायला जीपमध्ये बसले. दोन्हीकडे माणसं, पाय हलवायला जागा नाही. पर्समध्ये कुठल्याशा लग्नातली बडीशेपेची जुनी पुडी होती. बाहेर बघत बघत चिमूट-चिमूट तोंडात टाकत होते. एका चिमटीत काहीतरी कडक आलं. दाताखाली कट्‌कन फुटलं, जीप खड्ड्यात आदळली आणि जे काही होतं ते गिळलं गेलं. जिभेवर कडवटपणा राहिला.

घरी येऊन किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला. बाटलीचं झाकण निघालेलं. रुमालात दोन दाणे, किल्ल्यांत एक, पुडीला चिकटून एक. पर्स उलटी करून झटकली, अस्तर ओढून बघितलं. सगळे दाणे स्टीलच्या ताटलीत ठेवले आणि मोजले.

सहा.

परत मोजले. सहा काळी बुबुळं ताटलीतून माझ्याकडे बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, तडक दवाखाना का नाही गाठला? गाठायला हवा होता. मी मुलांना हेच शिकवते. पण पहिला तास आपल्याबाबतीत असं होणारच नाही यात गेला. दुसरा तास, याला उतारा नाही हे आठवण्यात गेला. त्यानंतर जी आली ती निव्वळ लाज. सकाळी साठ पोरांना 'हे खाल्लं की माणूस मरतो' म्हणून सांगायचं आणि दुपारी आपणच खायचं. कॉलेजातल्या शोकसभेत हे कोण कसं सांगणार, याची मला जास्त काळजी लागली.

त्या संध्याकाळी वांगी चिरताना अंगठा कापला. रात्री झोप लागली, आणि नेहमीपेक्षा चांगली लागली.

सकाळी उठले तर तब्येत ठणठणीत. ना पोट दुखतंय, ना मळमळ, ना ताप. मी परत खाटेवर बसले. कारण मीच सांगितलं होतं ना, पहिलं लक्षण हेच. मी आरशासमोर उभी राहिले. चेहरा कालचाच होता. म्हणजे कालच बनलेला. आज यात नवीन काही घातलं जात नाहीये, एवढंच मनात येत होतं. मी हसून बघितलं. आरशातली हसली, पण ती शिल्लक राहिलेल्यातून हसली असं वाटलं.

मग अंगठा बघितला. जखम काल होती तशीच, तोंड उघडून. जखम भरायला जे प्रथिन लागतं ते नुसतं बनून भागत नाही, त्याचे तीन पदर वेणीसारखे वळावे लागतात. मी अंगठा डोळ्याजवळ धरून त्याला म्हणत बसले, वळ रे बाबा, एक तरी वेणी वळ. मागे वळून बघते तर दारात आमच्या सासूबाई उभ्या. तशाच मागे फिरल्या.

अकोल्याला शिकणाऱ्या लेकीला फोन केला. जेवलीस का विचारलं. ती म्हणाली, आई, सकाळचे आठ वाजलेत. मी फोन ठेवला.

आमचे हे, दिनकरराव, ओसरीवर चहा पीत होते. मी जवळ बसून शांतपणे सांगितलं की गॅसचं पुस्तक फडताळात वरच्या खणात आहे, विम्याचे कागद निळ्या पिशवीत आहेत, आणि आईंच्या बीपीच्या गोळ्या दिवसातून एकदाच द्यायच्या, त्या मागतील तरी दोनदा नाही.

हे बशी खाली ठेवून म्हणाले, "कुठं जाऊन राह्यली तू?"

"कुठंच नाही."

"मंग मले हे कायले सांगून राह्यली?"

मी बशी उचलून आत गेले. पण सासूबाईंना सगळं समजलं होतं. त्यांनी ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं की सून कालपासून जेवताना मधेच थांबून आतलं काही ऐकते, आरशात बघून हसते, अंगठ्याशी बोलते. मेडशीच्या धुऱ्यावरून हिने काहीतरी सोबत आणलंय. ते खोटंही नव्हतं म्हणा.

त्यांनी मला पाटावर बसवलं. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मुकाट बसले. मिरच्या तडतडल्या, धूर उठला. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी धुराकडे बघत होते.

मला ठसका आला नाही. साधा वासही आला नाही.

सासूबाई पांढऱ्या पडल्या, कारण मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे लागलेलं फार जबर असतं. आणि मी पांढरी पडले, कारण वास घेणारीही प्रथिनंच असतात. माझी संपायला लागली होती. आम्ही दोघी एका निखाऱ्याच्या दोन बाजूंना बसून आपापल्या कारणाने थरथरत होतो. त्या मिरच्या गेल्या पावसाळ्यात भिजलेल्या जुन्या होत्या, हे फार नंतर निघालं.

तेव्हा मात्र मी उठले आणि ह्यांना खरं ते सांगितलं. हे तसेच उठले. मोटारसायकलची किल्ली घेतली.

कारंज्यापर्यंतचा तो रस्ता मी रोजचा बघते, पण त्या दुपारी तो मला ओळखीचा वाटेना. दोन्ही बाजूंना तूर उभी, पान हलत नव्हतं. गाडीचा आवाज दुसऱ्याच कोणाच्या कानात येतोय असं वाटत होतं. मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकलं. ह्यांनी एकदाच विचारलं, "दुखते का कुठं?"

"नाही."

"मंग?"

"तेच तर," मी म्हटलं. ह्यांची पाठ हलायला लागली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे रडतात ते मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काय होतंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, काहीच नाही. मग आलात कशाला? मी सांगितलं, हेच पहिलं लक्षण आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. पण गुंजेचं नाव काढताच त्यांचा चेहरा बदलला. ताबडतोब दाखल केलं, सलाइन लावलं, रक्त घेतलं, मोठ्या डॉक्टरांना फोन केला. उशीर केल्याबद्दल मला जे बोलल्या ते सगळं बरोबर होतं.

संध्याकाळी रिपोर्ट आले. यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक. डॉक्टर म्हणाल्या, तरी सोडणार नाही, थांबा. तेवढ्यात सासूबाई डबा घेऊन जीपने पोचल्या. सून दवाखान्यात का आहे हे त्यांना तोवर कोणी धड सांगितलंच नव्हतं. ह्यांनी सांगितलं, सात गुंजा होत्या, एक तिनं खाल्ली.

सासूबाई डबा उघडता उघडता थांबल्या. "त्या शिशीतल्या? एक तं म्याच घेतली सोमवारी. वगारीच्या गयात काया दोऱ्यानं बांधली. नजर लागून राह्यली होती तिले."

तीस तासांत मी पहिल्यांदा ओरडले, आणि ती त्या म्हशीच्या पिल्लासाठी. ह्यांनी बाहेर पळत जाऊन शेजाऱ्यांना फोन लावला. वगार धडधाकट होती, दाणा गळ्यातच होता. त्यांनी तो लगेच सोडवून घेतला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे म्हणाले, "मंग तुनं चावलं काय?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला आदल्या दोन दिवसांपेक्षा जास्त भीती वाटली. माझ्या दाताखाली काहीतरी फुटलं होतं, मी ते गिळलं होतं, आणि ते काय होतं हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला सांगितलं. टॉर्च मारला. जीभ बाजूला केली. बराच वेळ आत बघत राहिल्या.

"मॅडम, उजवीकडच्या खालच्या दाढेचा कोपरा कुठंय?"

मी जीभ फिरवली. नव्हता.

बडीशेपेत खडा असावा, आणि कडवट लागली ती जुनी बडीशेपच. खडाही सोबत गिळला की काय, देव जाणे, पण दाढ मी नक्की खाल्ली होती. आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठ पुन्हा हलत होती, पण या वेळी रडत नव्हते.

मी डॉक्टरांना विचारलं, आपोआप भरून निघेल का हो हा कोपरा? त्या माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "दाताचं वरचं कवच ज्या पेशी बनवतात, त्या दात वर येईपर्यंतच संपतात. ते परत बनत नाही. तुम्ही बायोलॉजीच्याच ना?"

हो. बायोलॉजीच्याच. अंगातला प्रथिनांचा कारखाना बंद पडला म्हणून मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. तो खरोखर बंद पडलेला असा एक कोपरा माझ्या अंगात होता, आणि तो पस्तीस वर्षांपासून बंद होता. मी खाल्लं ते नेमकं तेवढंच.