रामटेके वकिलांच्या बाकावरची माणसं

टॅक्सच्या वकिलाकडे कसले आले किस्से, असं मलाही वाटायचं. खुनाच्या खटल्यात असतील, घटस्फोटात असतील, पण सेल्स टॅक्समध्ये काय सापडणार? मग हळूहळू कळलं. धंद्याचं सांगायला बसलेला माणूस घरचं सगळं सांगून मोकळा होतो. माल का उचलला नाही, तर मुलगी बाळंतपणाला आली होती. दुकान बंद का ठेवलं, तर भावाशी पटेना. कायद्याला यातलं काहीच लागत नाही. ते आमच्याकडेच राहतं आणि साठत जातं.

मी ज्युनिअर म्हणून लागले ती रामटेके साहेबांकडे. भिलाईत सेक्टर टेनच्या मार्केटमध्ये शिंप्याच्या दुकानावर एक खोली, बाहेर अशिलांसाठी लाकडी बाक. खालून शिलाई मशीनचा आवाज दिवसभर यायचा. साहेबांचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले, माझे गोंदियाकडून. त्यामुळे घरी बोलतो तीच मराठी आम्ही ऑफिसात बोलायचो. आपल्या भाषेत रडता येतं म्हणून असेल, पण भिलाईतले बरेचसे मराठी धंदेवाले आमच्याच बाकावर येऊन बसायचे.

*

माझा पहिलाच दिवस. बॅटरीचं दुकान असलेला एक गृहस्थ नोटीस घेऊन आला. साहेबांनी कागदाला हातही लावला नाही.

“घरी सांगतलं का?”

“नाई साहेब. कालपासून जेवण जाऊन नाई राहिलं.”

“मंग पहिले घरी फोन लाव. सांग, जेलबिल काही होत नाई, जेवाले येतो म्हणून.”

माणसानं तिथंच फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून बायकोचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला, “अन् मी रातभर इचार करून राहिली, का वांग्याच्या भाजीत काय बिघडलं.”

माणूस हसला. तेव्हा कुठं साहेबांनी हात पुढे केला. “हां, आता दाखव कागद.”

*

येरणे काकांचं टेंट हाऊस. धंदा कमी दाखवलाय असा विभागाचा संशय होता आणि शेजारच्या दुर्गला सुनावणी होती. साहेबांनी बजावलं होतं, “काका, तुम्ही फक्त बसायचं. बोलाचं मी.”

काका आले ते कॉलर विरलेला सदरा आणि रबरी चपला घालून. गरीब दिसलं तर बरं, हा त्यांचा स्वतःचा कायदेशीर सल्ला. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण वेळ नव्हता.

आत मॅडम अधिकारी होत्या. साहेबांनी बाजू छान मांडली. सीझन मंदा होता, लग्नं कमी झाली वगैरे. मॅडम ऐकत होत्या. मग काकांकडे पाहून सहज म्हणाल्या, “काका, मेरी भांजी की शादी में टेंट आप ही का था ना? बहुत सुंदर लगा था.”

काकांचा चेहरा उजळला. साहेबांचा हात त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत ते म्हणाले, “हां मॅडम, अपना ही था. उस दिन तो और भी जगह लगा था, लेकिन आपका वाला सबसे बढ़िया.”

साहेब सावकाश उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, मेरे पक्षकार की ईमानदारी रेकॉर्ड पर ली जाए.”

मॅडमना हसू आवरेना. टॅक्स भरावा लागला, पण दंडाच्या बाबतीत त्यांनी हात सैल सोडला. परतीच्या वाटेवर काका गाडीत मागे बसले होते. भिलाईचा पॉवर हाऊस चौक आला तेव्हा म्हणाले, “पण साहेब, टेंट खरंच सुंदर लागला होता.”

*

चरोद्याच्या सुशीलाबाई पापड-चकल्या करून किराणा दुकानांना द्यायच्या. नवरा रेल्वेत. एक दिवस त्या बाकावर बसलेल्या दिसल्या, चेहरा रागानं लाल. मला म्हणाल्या, “पोरी, माह्या घरी शोकेसच नाई. मंग मले शोकेस नोटीस कावून आली?”

ती ‘शो-कॉज’ होती, कारणे दाखवा. कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवली होती आणि यांनी काचेचं कपाट असं ऐकलं होतं. मला हसू आलं. साहेबांना नाही आलं. त्यांनी विचारलं, “रिटर्न कावून नाई भरलं बाई इतके दिवस?”

तेव्हा कळलं, नवऱ्याला लकवा झाला होता. बाई त्याला घेऊन दवाखान्यात होत्या. चुलीवर कढईच चढली नव्हती.

“धंदाच नाई झाला साहेब. काय सांगू सरकारले?”

“तेच सांगायचं. झाला नाई म्हणून. शून्यसुद्धा सांगावं लागते.”

बाई म्हणाल्या, “मले वाटलं, दुःख आपल्या घरचं आहे. तेही भराचं असते हे नव्हतं माहीत.”

साहेबांनी खुलासा स्वतः लिहिला, मला लिहू दिला नाही. एरवी असले अर्ज मीच करायची. रिटर्न न भरल्यामुळे तोवर नोंदणी रद्द झाली होती, ती परत मिळाली. पुढे दिवाळीला बाई चकल्या घेऊन आल्या. बरोबर नवराही होता, काठी टेकत. तो जिना चढून वर आला हे पाहून साहेब खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुठल्या अशिलासाठी उठताना पाहिलं नव्हतं.

*

प्लांटमधून रिटायर झालेले एक काका. आयुष्यात कधी पानाची टपरीसुद्धा टाकली नाही. त्यांना नोटीस आली, की दिल्लीतल्या तुमच्या ट्रेडिंग फर्मचा खुलासा करा. कुणीतरी त्यांचं पॅन कार्ड वापरून बोगस फर्म उघडली होती. तेव्हा असले प्रकार पुष्कळ व्हायचे.

काका घाबरले होते, पण सरकारला नाही. काकू बरोबर आल्या होत्या.

“दिल्लीत दुकान आहे म्हणते यांचं,” काकू थंडपणे म्हणाल्या. “तिथं गल्ल्यावर कोण बसते, ते विचारा फक्त.”

साहेबांनी समजावलं. पोलिसांत तक्रार झाली, विभागाला अर्ज गेला, फर्म बंद झाली, काकांचं नाव मोकळं झालं. काका आदेशाची प्रत घ्यायला एकटेच आले. म्हणाले, “साहेब, डिपार्टमेंटनं तर मानलं. घरच्या बाईचं अपील कुठं लावू?”

साहेबांनी मला त्या आदेशाचं मराठी करायला लावलं. साध्या, घरातल्या मराठीत. “या गृहस्थांचा दिल्लीशी काही एक संबंध नाही.” काकूंनी ते लॅमिनेट करून घेतलं म्हणे, आणि देवघराच्या बाजूला लावलं.

*

एकदा साहेबांनाच इन्कम टॅक्सची नोटीस आली.

दुसऱ्यांच्या नोटिसा वाचण्यात हयात गेलेला माणूस, पण स्वतःचं पाकीट फोडेना. इकडून तिकडे ठेवत राहिले. शेवटी माझ्याकडे सरकवलं. “वर्षा, तू वाच. मले चष्मा लागून नाई राहिला.” चष्मा डोळ्यांवरच होता.

कुठल्याशा व्याजाचा मेळ बसत नव्हता, एवढंच होतं. तरी साहेब स्वतः उत्तर द्यायला तयार नाहीत. दुर्गला एका ओळखीच्या सीएकडे गेले. तिथं गर्दी होती. बसावं लागलं. संध्याकाळी परतले ते थेट बाहेरच्या बाकापाशी थांबले आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

“काय झालं साहेब?”

“इतके वर्षं लोकं यावर बसून राहिले,” ते म्हणाले, “अन् कुणी सांगतलं नाई, हे टोचते म्हणून.”

दुसऱ्या दिवशी खालच्या शिंप्यानं बाकासाठी गादी शिवून दिली.

*

आता सगळं पोर्टलवर आहे. सुनावणीही बरेचदा स्क्रीनवर होते. अशील फोटो पाठवतो, मी उत्तर पाठवते, एकमेकांचं तोंड पाहायचं काम नाही. तरी धोटे काका मात्र दर महिन्याला येतात.

काकांचं रुआबांध्याला ग्रिल-गेटचं वर्कशॉप. जीएसटी आला तेव्हा त्यातलं त्यांना काही समजेना, म्हणून सही, मोबाइल नंबर सगळं मुलाचं दिलं. महेशचं. मग महेशच्या लग्नावरून घरात वाजलं आणि तो बायकोला घेऊन रायपूरला निघून गेला. बापलेकांचं बोलणं बंद. पण रिटर्न भरताना ओटीपी यायचा तो महेशच्याच फोनवर.

काकांनी साहेबांना विचारलं, “नंबर बदलता येते का?”

साहेबांनी बराच वेळ कम्प्युटरकडे पाहिलं. “पाहतो. प्रोसेस लांब आहे. तोवर पोराले विचारत जा.”

मी चमकून वर पाहिलं. एका दुपारचं काम होतं ते. साहेब म्हणाले, “वर्षा, तू तुझं काम पाह.”

तर काका आमच्यासमोर बसून फोन लावायचे. हात कामाचे, जाड बोटं, म्हणून स्पीकरवर ठेवायचे. पहिल्यांदा काका फक्त म्हणाले, “ओटीपी.” महेशनं आकडे सांगितले. फोन कट. पुढे काही महिने असंच. मग एकदा आकडे सांगून महेश थांबला. म्हणाला, “आईचा गुडघा कसा आहे?”

“आहे तसाच. थंडीत दुखते.”

त्याच्या पुढच्या खेपेला महेशनं विचारलं, वेल्डिंगचा चष्मा लावता की नाही. काका म्हणाले, लावतो. लावत नव्हते, डोळे लाल होते. आणि एकदा पलीकडे लहान मूल रडायला लागलं. महेश गडबडला, “बाबा, एक मिनिट हां.” काकांनी फोन कट केला नाही. मूल रडत होतं आणि काका टेबलावरच्या फोनकडे वाकून बसले होते. ओटीपीची मुदत संपून गेली.

“काका, टाइम गेला. परत पाठवावा लागेल,” मी म्हटलं.

“पाठव,” काका म्हणाले. “घाई नाई.”

गेल्या वर्षी साहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते नागपूरला मुलीकडे राहायला गेले. ऑफिस माझ्यावर सोपवलं. पहिल्याच महिन्यात धोटे काका आले, गादीवर टेकले, मग आत आले. आता टेबल माझं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला किती दिवस असं जिने चढायला लावायचं.

“काका,” मी म्हटलं, “तो नंबर बदलून देऊ का? आजच होते.”

काका खिशातून फोन काढत होते.

“मले माहीत आहे बेटा. साहेबानं त्याच दिवशी जिन्यात सांगतलं होतं.”

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मध्यभागी नीट ठेवला.

“हां, महेश,” ते म्हणाले, “आज टाइम आहे ना तुले?”