पपईचा देठ

आज पपईच्या पानाचा देठ कापताना चीक हाताला लागला आणि त्या वासाने आमची गिरीज गावातली वाडी आठवली. मी बारावीला होते. एक टोक बंद असलेल्या नळीतल्या आवाजाची वारंवारता काढत होते आणि उत्तर दरवेळी दुप्पट येत होतं. चौथी शिकलेले, चर्चच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे पप्पा केळींना पाणी सोडून आले. वहीतली नळीची आकृती पाहून त्यांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ दोन्हीकडून कापून त्यावर फुंकर मारली, मग खालचं टोक अंगठ्याने बंद करून पुन्हा मारली. सूर एकदम खाली उतरला. गणितात मी नळी दोन्हीकडून उघडी धरली होती!

"पुस्तकात पण असंच लिहिलंय ना, बाय?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकातली नळी काचेची असते," मी फणकाऱ्याने म्हणाले.

उद्या वर्गात हाच धडा शिकवायचाय. कापलेला देठ पिशवीत ठेवलाय.