आधी आमच्या मृणालचं

माघातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी छत्तीसगढातल्या आमच्या हुडको वसाहतीतल्या मारुतीसमोर मी पाच हजार एक रुपयांचा नवस बोललो. त्या वेळी देवळात पुजारी महाराज होते, मी होतो आणि खांबाला टेकून जप करणारी एक अनोळखी बाई होती. नवस मनातल्या मनात बोललो, म्हणून त्यातली अट मारुतीशिवाय कोणाला कळली नाही. आमच्या मृणालचं कार्ड राऊतांच्या अनिकेतच्या आधी आलं पाहिजे, अशी ती अट होती.

कार्ड म्हणजे अमेरिकेत शिक्षण संपल्यावर तिथे काम करण्याची परवानगी. ते हातात येईपर्यंत कामाला हात लावता येत नाही. मृणालला नोकरी मिळाली होती, पण कार्ड नव्हतं. कंपनीने रुजू होण्याची तारीख एकदा पुढे ढकलली आणि मग स्पष्ट कळवलं, की एप्रिलच्या पहिल्या सोमवारी या, नाहीतर ही जागा दुसऱ्याला जाईल. तिच्या शिक्षणाचं कर्ज आमच्या घरावर होतं. ती फोनवर हसत बोलायची आणि मध्येच गप्प व्हायची. ते गप्प होणं मला रात्रभर पुरायचं.

राऊत आमच्या समोरच्या घरात राहतात. इथल्या प्लांटमध्ये आम्ही एकाच विभागात काम करत आलो. त्यांचा अनिकेत मृणालच्याच विद्यापीठात शिकला, तिच्याच वर्गात, आणि त्याने अर्ज तिच्यानंतर केला. हे ‘नंतर’ मी विसरत नव्हतो. मी हिशेब खात्यातला माणूस. बिल ज्या क्रमाने येतं त्या क्रमाने ते निघतं, मध्ये कोणी घुसलं तर मी कागद परत पाठवतो. देवाच्या दारीही असंच चालत असेल, असं मी धरून चाललो होतो.

फाल्गुन लागला आणि अनिकेतचं कार्ड आलं. राऊत वहिनींनी फाटकातूनच ओरडून सांगितलं. मी “वा, वा” म्हणालो आणि आत येऊन खुर्चीत बसलो. त्या दिवसापासून समोरच्या घरातलं काहीच मला सहन होईना. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली तरी वाटायचं, मुद्दाम वाजवतात. मृणालच्या अर्जाचं पान मी मोबाइलवर उघडायचो, ‘प्रलंबित’ हा शब्द वाचायचो आणि मान वर करून राऊतांच्या खिडकीकडे पाहायचो. पेढेही वाटले नव्हते त्यांनी. मी बायकोला म्हणालो, एवढं मोठं काम झालं, पण पाव किलो पेढ्याला हात सुटला नाही.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमाले पोरीचं कार्ड याले पाहिजे, का राऊतच्या पोराचं वापस जाले पाहिजे? एक काईतरी ठरवा आधी.”

खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते चांगलं नव्हतं.

दोन दिवसांनी राऊत घरी आले. त्यांनी मारुतीला रोडग्यांचा नवस केला होता आणि तो शनिवारी फेडायचा होता. आम्ही विदर्भातून इकडे आलो तेव्हा ही रीत सोबत आणली. देवळाच्या मैदानात गोवऱ्यांची आर, म्हणजे निखाऱ्यांचा थर करायचा, तिच्यात कणकेचे गोळे, म्हणजेच रोडगे भाजायचे, वरण आणि वांग्याची भाजी करायची आणि आल्या-गेल्याला जेवू घालायचं. ज्याचा नवस असतो तो आगीला हात लावत नाही, तो फक्त वाढतो. भाजणारा दुसरा असतो आणि त्याने रोडगा आरेत ठेवताना ज्याच्यासाठी नवस केला त्याचं नाव घ्यायचं असतं. आमच्या मंडळींत भाजायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे.

“भाऊ, आर तुमीच पाहा लागते,” राऊत म्हणाले. “तुमच्याशिवाय मले कोनाचा भरोसा नाई.”

नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

शनिवारी गोवऱ्या पेटवल्या, धूर निघू दिला. नेहमी मी आर पडून तिच्यावर राख धरेपर्यंत थांबतो. त्या दिवशी थांबलो नाही. लवकर आटपून घरी जावं, एवढंच मनात होतं. लालभडक निखाऱ्यांत गोळे ढकलले. आणि नाव घेतलं नाही. ओठ हलवले, पण अनिकेतचं नाव काही बाहेर पडलं नाही.

रोडगे वरून झकास दिसत होते. पहिला मारुतीसमोर नेला. पुजारी महाराज इथलेच, छत्तीसगढचे, त्यांनी संकल्पाला पाणी सोडलं. मी सगळ्यांत मागे, चपलांच्या जवळ उभा होतो. अनिकेतचं नाव ऐकलं तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. त्याच्या मागोमाग महाराज म्हणाले, “और कन्या मृणाल,” आणि तिच्या बापाचं, म्हणजे माझं नाव घेतलं.

काय चाललंय ते कळायच्या आत महाराजांनी तूप घालायला रोडगा फोडला. आत कच्ची, ओली कणीक होती.

राऊतच आधी हसले. “भाऊ, हा तं कार्डासारखाच झाला! वरून अप्रूव्ह, आतून पेंडिंग!”

सगळे खळखळून हसले. पोरं भुकेने कुरकुरत होती, तरी सगळे रोडगे पुन्हा आरेत घालावे लागले. मी खाली बसून निखारे पसरवू लागलो. राऊत शेजारी येऊन उकिडवे बसले.

“मृणालचं नाव कावून घेतलं?” मी विचारलं.

“कावून म्हंजे? अनिकेतनं सांगतलं. थो म्हनते, तिचं आल्याबिगर माह्यावाले पेढे वाटजा नोका. मी म्हटलं, पेढे राहू दे बाप्पा, पन मारुतीचं थकवता येत नाई. म्हून दोघाईच्या नावानं करून राहिलो.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “धूर लागला का डोयात?”

मी हो म्हणालो.

तेवढ्यात खांबापाशी जप करणारी ती बाई जवळ आली. पदर सावरत, संकोचत म्हणाली, “भैया, सुना है नाम लेकर रखते हैं. हमारे में ये होता नहीं. मेरे बेटे का भी वही कार्ड अटका है. एक में उसका नाम ले लोगे? सौरभ.” शेजारच्या जुनवानीहून ती दर शनिवारी येत होती, हे मला तेव्हा कळलं. मी नवस बोललो तेव्हा माझ्यापासून चार हातांवर बसून ती हेच मागत होती. तिने कोणाच्या आधी मागितलं नव्हतं.

या वेळी मी आरेवर राख धरू दिली. एकेक रोडगा ठेवताना नाव घेतलं. अनिकेत. मृणाल. सौरभ. पुन्हा अनिकेत. तासभर लागला. त्या तासात मी मोबाइल काढला नाही आणि मारुतीला काही मागितलंही नाही. तुझं तू बघ, एवढंच म्हणालो. कित्येक महिन्यांत छाती अशी मोकळी झाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या चहाला मृणालचा फोन आला. “बाबा,” ती म्हणाली आणि रडायला लागली, तेव्हाच समजलं. कार्ड मंजूर झालं होतं; तिच्या हातात ते शनिवारी पडलं आणि ठरल्या सोमवारी ती रुजू झाली. रोडग्यांमुळे झालं, असं मी म्हणणार नाही. कदाचित त्या कागदाची पाळी तेव्हाच असेल. पण ते आलं तेव्हा मी समोरच्या खिडकीकडे पाहत नव्हतो, हे मला मिळालं आणि ते मी कमावलेलं नव्हतं. फोन आला त्याच संध्याकाळी राऊतांकडून पेढे आले, दोन्ही पोरांचे.

नवसाचा प्रश्न राहिला. मी पुजारी महाराजांना अट सांगितली, काही लपवलं नाही. ते म्हणाले, “फिर तो शर्त पूरी नहीं हुई भैया. आपका कुछ देना नहीं बनता.”

हिशेबाने ते बरोबर होतं. पण मला अट घातल्याची लाज होती, आणि अट मोडून मारुतीने दिलं होतं. सौरभचं कार्ड अजून आलेलं नाही. चैत्रातल्या शेवटच्या शनिवारी माझ्या नवसाच्या पैशांतून त्याच्या नावाने रोडगे झाले. आर राऊतांनी पाहिली, मी आगीला हात लावला नाही, त्याच्या आईच्या बरोबरीने वाढलं. या वेळी कधी आणि कोणाच्या आधी, हे बोललो नाही. कणीक, तूप, वांगी आणि गोवऱ्यांचे मिळून पाच हजार एक रुपये लागले, ते किराणावाल्याला आणि गोवऱ्या विकणाऱ्या बाईला माझ्या हाताने दिले.