नामदेवभाऊंचा शक

नामदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सगळ्यात आधी विचारलं, ‘तुम्ही कोण बोलता?’ नंबर अनोळखी होता आणि आवाज घाईचा. पलीकडचा म्हणाला, सानगडीहून, शेजारचा. मी म्हटलं, ‘कोणत्या बाजूचा शेजारी?’ तो थबकला आणि मग चिडलाच. ‘‘काका, मानूस गेला अना तुमी बाजू काय इचारता?’’ मी फोन ठेवला आणि सुमनबाईंच्या नंबरावर लावला. उचलला गेला, पण बोललं कोणीच नाही, मागे नुसता बायकांचा रडण्याचा आवाज... लाखनीच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, हातात जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग होतं. आणि डोक्यात काय आलं असेल, तर हे की नामदेवभाऊंना ही चौकशी आवडली असती. अनोळखी नंबरावरून आलेली बातमी अशी तपासून घ्यायची, हे त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं.

ते माझे साडभाऊ. आसगावच्या एकाच घरच्या दोन बहिणी आम्हा दोघांच्या पदरात पडल्या, थोरली सुमनबाई त्यांच्या आणि धाकटी माझ्या. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची उभी नोकरी गेली, बरीचशी गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गाड्यांवर. निवृत्तीनंतर सानगडीला रस्त्यावरच्या घराच्या दारात लाकडी हातांची एक खुर्ची टाकून बसायचे. घरात जायचं तर त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागे. त्यांचा शक हा आमच्या दोन्ही घरांत थट्टेचा विषय होता. अर्ध्या तिकिटाचं पोर दिसलं की त्याचे दात बघून वय ठरवणारा माणूस तो! डॉक्टरने गोळी दिली की दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे आणि त्या दुसऱ्यावरही विश्वास नसायचा. दूधवाल्याचं दूध, माझ्या दुकानातली केबल, विहिणीने पाठवलेला चिवडा, काहीच त्यांच्या चौकशीतून सुटलं नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, ‘तुमचा स्वतःवर तरी भरवसा आहे का?’ शांतपणे म्हणाले, ‘‘नाई ना. मी बी त मानूसच हावो.’’

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. आसगावच्या मंडईला आम्ही दोघे जावई ठरलेले. बाहेर दंडारीच्या नाचाचा ढोल, आत पाहुण्यांची जेवणं, आणि जेवणानंतर ओसरीवर आमचं भांडण. विषय बदलत नसे, कारण देशात कुठे ना कुठे काहीतरी घडलेलंच असायचं. आमचा मेहुणा विलास हायस्कुलात शिक्षक. तो म्हणायचा, पोरं बंदूक का उचलतात ते आधी बघा, जंगल गेलं, काम नाही, न्याय नाही, कोणीतरी त्यांच्या रागात काडी टाकतं. मी म्हणायचो, बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्याची कारणं मला ऐकायची नाहीत. मेलेल्याला कोणतं कारण पुरतं? असल्यांना चिरडायचं आणि मग बोलायचं. विलास म्हणायचा, चिरडलेल्यातून दुपटीने उगवतात. आवाज चढायचे. नामदेवभाऊ सुपारी कातरत ऐकायचे आणि शेवटी दोघांनाही एकाच माळेत ओवायचे. ‘‘तुमी दोघंबी दुरून बोलून राहिले. मास्तर, तुमी बंदुकवाल्याचं कारन सांगता. साडभाऊ, तुमी बंदुकवाल्याची सजा सांगता. बंदुकीसमोर जो उभा हाये, त्याच्याबद्दल कोनीच बोलत नाई.’’ पुढे काही म्हणून विचारावं, तर पुन्हा सुपारी कातरू लागायचे. मला तेव्हा हे टोलवणं वाटायचं. काठावर बसणारा माणूस, असं मी बायकोला म्हणतही असे.

रियाज त्यांच्याकडे आला तो एका हिवाळ्याच्या तोंडाला. काश्मीरकडचे शालवाले आपल्या भागात दर थंडीत येतात, एक खोली घेतात, गठ्ठे बांधून गावोगाव फिरतात. घराची रस्त्याकडची खोली नामदेवभाऊंनी त्याला भाड्याने दिली, हेच मुळात आश्चर्य. आम्ही सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं. मी तर जरा जास्तच. ते म्हणाले, ‘‘दुसऱ्याकडं राहीन तं कोन नजर ठेवन? माह्या दारात राहीन तं मले दिसन.’’ आणि नजर म्हणजे काय नजर ठेवली! त्याची ओळखपत्रं घेऊन स्वतः ठाण्यात जाऊन नोंद करून आले. प्रत्येक गठ्ठा दारात सोडायला लावायचे. आज कोणत्या गावाला गेला, परत यायला उशीर काहून, हा फोन कोणाचा... दोन हिवाळे हे चाललं. पोरगा बिचारा हसून उत्तरं द्यायचा, ‘चाचा’ म्हणायचा आणि बाईंच्या हातची भाकर खायचा. गंमत वाटायची ती त्याच्या शब्दांची. शेताच्या वरच्या अंगाला पाणी अडवून केलेल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात, धानाची सगळी भिस्त त्या पाण्यावर. नामदेवभाऊंनी त्याला एकदा ‘बोडीवरून जा’ म्हणून वाट सांगितली, तर हा भलत्याच गावाला पोचला. बोडी म्हणजे काय, ते त्याला कळलंच नव्हतं. त्यावरून त्याची फार दिवस चेष्टा चालली.

तिसऱ्या हिवाळ्यात कुठल्याशा दूरच्या शहरात स्फोट झाला. टीव्हीवर दिवसभर तेच. सानगडीचा त्या दिवशी बाजार होता आणि मी नामदेवभाऊंच्या विहिरीवरची मोटार बघायला गेलो होतो. दुपारी परतलो तर घरासमोर माणसं जमलेली. रियाजच्या खोलीला लागूनच किसनाचा पानठेला. किसनाने भिंतीपलीकडून रियाजला फोनवर बोलताना ऐकलं होतं आणि ते वाक्य एव्हाना अर्ध्या बाजारात फिरलं होतं. ‘‘बोडी कब उडाओगे? मेरे जाने तक मत उडाना.’’ बोडी उडवणार! वरची पाळ फुटली तर खालचं अख्खं शिवार वाहून जाईल. शिवाय कोणीतरी खिडकीतून डोकावून पाहिलं, तर तो घाईघाईने गठ्ठे बांधत होता. ‘‘पाहा, पळून राहिला,’’ असा गलका झाला. एकाच्या हातात बैलगाडीची उभारी दिसली, दुसऱ्याच्या हातात सायकलची चेन.

नामदेवभाऊ खुर्चीत बसले होते. उठले नाहीत. खुर्ची दारात, आणि दार त्यांनी आपल्या गुडघ्यांनी अडवलेलं. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘पोलिसांना फोन लावू.’ त्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही. ते म्हणाले, ‘‘लावा ना. पन पोलीस येईपर्यंत याले कोन राखन, थे सांगा. तुमी?’’ मी फोन लावला आणि खुर्चीच्या बाजूला उभा राहिलो. मग त्यांनी किसनाला पुढे बोलावलं आणि बिनतिकिटाचा प्रवासी पकडल्यासारखी त्याची तपासणी सुरू केली. खोलीचं दार उघडं होतं का लावलेलं? लावलेलं. ठेल्यावर गाणं सुरू होतं का? होतं. ‘‘मंग गान्यातून तुले ‘जाने’ आयकू आलं का ‘आने’?’’ किसना घुटमळला. ‘‘उडाना का उठाना?’’ आता तो ठेल्याकडे सरकू लागला. ‘‘अना बोडी म्हंजे काय, हे याले मालूम हाये असं कोन म्हनते? ज्याले बोडीवरून जा म्हटलं तं उलटा गेला, थो बोडी उडवन?’’

कोणीतरी हसलं. कोणीतरी ओरडलं, ‘‘नाटक करते थो, सारं मालूम असते यायले!’’ नामदेवभाऊंनी मान न वळवता हाक मारली, ‘‘रियाज, इधर आ. बोडी क्या होती, बता सबको.’’ तो मागून येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले. त्याला काय विचारताहेत हे कळायलाच वेळ लागला. मग म्हणाला, ‘‘बॉडी... अब्बा की है, चाचा. दिल्ली के अस्पताल में. ॲम्बुलेंसवाले को बोल रहा था, बॉडी कब उठाओगे, मेरे आने तक मत उठाना...’’ आणि चौकट धरून तो खाली बसला.

इथे दुसरा कोणी असता तर विरघळला असता. नामदेवभाऊंनी त्याच्या हातातला फोन घेतला, तोच नंबर पुन्हा लावला, स्पीकर चालू केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, कौन सा अस्पताल, मरीज का नाम क्या, बेटे का नाम क्या. पलीकडच्याने सगळं सांगितलं. मग त्यांनी फोन परत दिला आणि गर्दीकडे पाहिलं. ‘‘तुमी याच्यावर आज शक घेतला. मी दोन हिवाळ्यांपासून घेऊन राहिलो. याचे गठ्ठे पायले, कागद पायले, ठान्यात गेलो, याचा एक-एक फोन इचारला. शक घ्याचा तं मेहनत करा! नाई होत तं घरी जा.’’ माणसं पांगली. लगेच नाही, एकेक करून, काही तर कुरकुरतच. पोलीस आले तेव्हा त्यांनाही नामदेवभाऊंनी ओळखपत्र विचारलं. संध्याकाळच्या आत आम्ही रियाजला लाखनीच्या हायवेवर नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. किसना गठ्ठे उचलायला आला होता.

गाडी गेल्यावर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी चहा घेतला, आणि इतक्या वर्षांत न सांगितलेली गोष्ट तेव्हा सांगितली. जंगलातल्या एका वळणावर त्यांची एसटी अडवली होती. बंदूकवाले वर चढले, तुमच्यात खबऱ्या कोण म्हणून विचारू लागले. भीतीने एक प्रवासी बोलून गेला की तो मागचा माणूस पोलीस चौकीपाशी उभा होता. ‘‘साडभाऊ, त्या गावचा थांबाच चौकीपाशी होता. तिथून चढनारा सारा गाव चौकीपाशीच उभा राहे. हे कंडक्टरले मालूम असते. मले मालूम होतं...’’ त्या माणसाला खाली उतरवलं. भाऊंना घंटी मारायला सांगितली. गाडी पुढे निघाल्यावर मागे आवाज झाला. ‘‘दोन शब्द होते माह्यापाशी. तोंडाले कुलूप लागलं.’’ त्यांचा चहा तसाच राहिला. बंदुकीसमोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल ते आसगावच्या ओसरीवर का बोलायचे, हे मला त्या पायरीवर कळलं, आणि त्यांना काठावर बसणारा म्हणणारी माझी जीभ मला कडू लागली.

माझं मत बदललं असं मात्र कोणी समजू नये. बस अडवून निरपराध माणसाला मारणाऱ्यांशी चर्चा कसली करायची, असं मी पुढच्या मंडईतही विलासला विचारलं. विलासही आपल्या जागेवरून हलला नाही. नामदेवभाऊ तर आणखीच बिलंदर. पुढच्या हिवाळ्यात रियाज परत आला, बाईंसाठी फिरन, म्हणजे तिकडचा लोकरी झगा, आणि भाऊंसाठी अक्रोड घेऊन. भाऊंनी आधी गठ्ठे सोडायला लावले आणि एक अक्रोड फोडून मला खायला दिला. मी खाऊन जिवंत राहिलो, तेव्हा दुसरा स्वतः खाल्ला!

परवा सानगडीला गेलो होतो. खुर्ची अजून दारातच आहे. विलास ती आत उचलून ठेवणार होता, सुमनबाईंनी ठेवू दिली नाही. म्हणाल्या, ‘‘राहू द्या. येनाऱ्यानं वळसा घालून यावं.’’ मी त्या खुर्चीवर बसलो असताना भाऊंचा मोबाइल वाजला. बाईंनी तो माझ्यापुढे धरला. ‘‘तुमीच घ्या भाऊजी. नंबर वळखीचा नाई, तुमाले त्यायची रीत मालूम हाये.’’ मी विचारलं, कौन, कहां से, यह नंबर किसने दिया? पलीकडचा म्हणाला, ‘‘रियाज.’’ मी म्हटलं, नाव तर कोणीही सांगेल. तो म्हणाला, ‘‘किसना ने कल मेरे साथी के फोन पर बताया, यह नंबर भी उसी ने दिया. मेरा पुराना मोबाइल गुम हो गया, सबके नंबर उसी में थे... बॉडी कब उठाई? मेरे आने तक नहीं रुके?’’

या वेळी एकही शब्द मला चुकीचा ऐकू आला नाही. मी म्हटलं, ‘‘उसी दिन, बेटा. शाम को. बोडी के पास ले गये.’’

‘‘बोडी,’’ तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. ‘‘बोडी मतलब... तालाब ना?’’

‘‘हां,’’ मी म्हटलं, ‘‘तालाब.’’