फोटो लागायचा नियम

कोल्हापुरात आम्ही काही हौशी मंडळींनी या भागातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी एक दालन उघडलंय. भिंतीभर कलावंतांचे फोटो, खाली नावं, तिकीट नाही. संध्याकाळी मी तिथं बसतो. फोटो पुसता पुसता पोटात इतके किस्से साचलेत, की बायको म्हणते तुम्हाला आता जेवायला जागा नाही. ऐका तर!

पहिला धक्का उद्घाटनालाच बसला. आमचे अध्यक्ष आण्णा, गुळाचे व्यापारी. त्यांनी माईकवरून नियम जाहीर केला, की फोटो फक्त दिवंगत कलावंतांचेच लागतील. जिवंत माणसं कुणाचा वर आणि कुणाचा खाली यावरून भांडतात, असा त्यांचा अनुभव. त्यावर मलकापूरचे एक पेटीवाले शांतपणे उठले. "म्हंजे आमी आता घाई करायची म्हना की!" सभा हसली, आण्णा घाम पुसत बसले.

*

राधानगरीकडचं एक कुटुंब टेम्पो भरून आलं. आजोबा सनईवाले, त्यांचा फोटो बघायला. नमस्कार झाले, उदबत्ती झाली. मी चहा सांगायला वळलो, तोच मागे फाडकन आवाज! नव्याकोऱ्या फरशीवर नारळ फोडला होता. फरशी तडकली होती.

थोरल्या नातवानं खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. "घ्या पावणं. आजा फरशीपेक्षा मोठा हाय." खोबरं गोड होतं, खाल्लं.

*

एका ढोलकीवाल्यांच्या फोटोला आम्ही वर्षभर हार घालत होतो. एक दिवस त्यांची बहीण आली आणि फोटो बघून मटकन खालीच बसली. मला वाटलं, भावाच्या आठवणीनं गलबलून आलं असेल. पाणी दिलं.

"ह्यो आमचा दादा न्हवं," बाई म्हणाल्या. "हे आमचं मालक हायत. भाईर गाडी लावाय लागल्यात."

लग्नाच्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्यानं भलतंच डोकं कापलं होतं. मालक आत यायच्या आत मी हार काढून खिशात कोंबला.

*

आणि गडमुडशिंगीच्या तानूबाई! एके काळी त्यांच्या लावणीला तंबू अपुरा पडायचा. आता काठी टेकत यायच्या, भिंतीपुढं उभ्या राहायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या. "ह्यातल्या निम्म्यांनी माझ्यामागं वाजवलंय. माझा फोटो कवा?" आण्णा नियम सांगायचे. बाई गुमान निघून जायच्या, आणि मला फार वाईट वाटायचं.

यंदा वार्षिक कार्यक्रमाचं बोलावणं द्यायला आण्णांनी त्यांच्या घरी फोन लावला. शेजारणीनं उचलला. "तानूबाई गेल्या की. कालच."

आण्णांनी फोन ठेवून दिला. कशानं गेल्या, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. विचारलं असतं तर "यस्टीनं, लेकीकडं" असं उत्तर मिळालं असतं.

आम्ही फोटो मोठा करून घेतला, भिंतीवर लावला, हार घातला. शोकसभेचा निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. तो लेकीच्या गावातही पोचला.

सभेत आण्णा भरल्या आवाजात बोलत होते. एवढ्यात दारात काठी वाजली. तानूबाई! आण्णांचा माईक हातातच लोंबकळला. फोटो उतरवायला मी घाईघाईनं स्टुलावर चढलो.

"हात लावायचा न्हाय," बाई म्हणाल्या. "लावलाय न्हवं? ऱ्हाऊ द्या."

मग पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. "बोला की आण्णा. जित्तेपनी माझ्याबद्दल कोन एवढं बोललं न्हवतं."

आण्णा बोलले. त्या कशा गायच्या, कशा होत्या, सगळं पुरं केलं. आणि मग, सवयीनं म्हणा किंवा घाबरून, म्हणाले, "आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. तानूबाईही काठीच्या आधारानं उठल्या, फोटोकडं बघून हात जोडले आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.