जपानी बाईंची आजी

ये गं, अशी जवळ बस. सोलापूरला येतेस आणि मावशीकडे उभ्या उभ्या डोकावून जातेस, ही काय रीत झाली? वर त्या फोटोतल्या बाईंना बघून "ही मडम कोण?" म्हणतेस. मडम नव्हे. अख्खी शुक्रवार पेठ त्यांना जपानी बाई म्हणायची.

खरं तर त्या आयर्लंडच्या. पण बरीच वर्षं जपानात शिकवलेलं, म्हणून उंबऱ्याशी चपला नीट वळवून ठेवायच्या, कमरेतून वाकायच्या आणि मगच आत यायच्या. आमच्या सासूबाईही उलट वाकायच्या. मग त्या पुन्हा, मग ह्या पुन्हा. "आता पुरे की, कंबर धरली," म्हणत सासूबाईच हार मानायच्या.

त्यांचा भाऊ इथल्या दवाखान्यात डॉक्टर होता. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर बाई त्याच्याकडे आल्या आणि जपानवरचं पुस्तक लिहायला शांत जागा हवी म्हणून आमची माडीवरची खोली घेतली. शांत कसली! शेजारी दिवसभर माग खडखडायचे. पण बाई म्हणायच्या, "आमच्या गावचा समुद्र असाच आवाज करतो."

तसंच त्यांचं जपानचंही. तिकडे म्हणे उन्हाळ्यात गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात. इतर परक्यांना ते विचित्र वाटलं, बाईंना माहेरचं वाटलं. कारण त्यांची आजीही वर्षातल्या एका रात्री गेलेल्या माणसांसाठी चूल झाडून, खुर्ची मांडून, पाणी ठेवून दाराची कडी काढून झोपायची. "मी जपान आजीच्या डोळ्यांनी पाहिला," असं त्या तोडक्या मराठीत सांगायच्या.

मी एकदा विचारलं, "म्हणजे जपानला तुमच्या आजीचं लुगडं नेसवता की काय?"

त्या हसल्या नाहीत. "कधी कधी," म्हणाल्या. "मी लिहिलं, त्या रात्री जपानी सगळे भितात. आमच्यात भितात. पण ते तर नाचत होते! ते पान मी फाडलं."

आणि मग प्रकाशकानं कळवलं, आजी काढा, नुसता जपान ठेवा. बाईंचं जेवणावरचं मन उडालं. "मला मूल नाही, भावाला नाही. पुस्तकातूनही काढली, तर आजीला घरी बोलावणार कोण?"

त्यातच दिवाळीच्या आगेमागे त्यांची ती रात्र आली. बाईंनी खाली सोप्यात खुर्ची मांडली, पाणी ठेवलं आणि रस्त्याकडच्या दाराची कडी काढली. आणि तीही शुक्रवार पेठेत! सकाळी बघतो तर शेजारची शेळी पुढचे पाय खुर्चीवर टाकून भांड्यातलं पाणी पितेय.

"अवो बाई, आजी न्हाय, शेरडू आलंय!" सासूबाई ओरडल्या.

बाई हसून हसून खालीच बसल्या. "आजीकडे शेळ्या होत्या!"

"मग तिनंच धाडली की! दारात आलेल्याला कुनी हाकलतंय व्हय? ऱ्हाऊ द्या तिला पुस्तकात."

बाईंनी त्याच दिवशी कळवून टाकलं, आजी राहील, नाहीतर पुस्तक नको. प्रकाशक म्हणाला, मग नको. बाई जेवायला लागल्या! पुढे दुसऱ्या कुणी लहानशा प्रकाशकानं आजीसकट छापलं.

भाऊ मायदेशी परतला तशा बाईही निघाल्या. टांग्यात बसताना सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "तुमास्नी कोन बोलावनार म्हून काळजी करू नगा. आमी हाय की."

आता बाई नाहीत, सासूबाईही नाहीत. सर्वपित्री अमावास्येला मी सासूबाईंच्या पानाशेजारी बाईंचंही पान वाढते. त्यांना तिखट सोसत नसे, म्हणून त्यांची आमटी वेगळी करावी लागते. पण यंदा गुडघे ऐकत नाहीत गं, दोन-दोन आमट्या एकटीच्यानं होत नाहीत. तेव्हा आदल्या दिवशीच ये, राहायलाच ये.